खाटेखालचं रेडियम

दुपारच्या शांततेत फुलपात्र खणकन पडलं आणि घरंगळत खाटेखाली गेलं. बाळ दचकलं. मुठी उघडल्या, पुन्हा मिटल्या. निजला माझा राजा. मी चारूवर डोळे वटारले, पण ती खाटेखाली होती, तिला कुठं दिसणार!

"आई, माझं पाणी सांडलं," ती आतून म्हणाली. "आता पाव्हण्यांना काय देऊ?"

तिचं घर खाटेखालीच होतं. सोमवारपासून त्या घरात नवा ओटा आला होता, लाकडी पेटीत बसवलेला शिशाचा जड डबा. त्यावर ती चिंचोके मांडायची, बाहुलीला निजवायची आणि पाठ टेकून गाणी म्हणायची.

आमचं क्वार्टर म्हणजे एक खोली आणि चुलीपुरती पडवी. बार्शीकडून येणारी छोटी गाडी इथं पाणी घेते आणि पुढं जाते. स्टेशनातल्या पार्सलखोलीला दार नाही. म्हणून किमती माल उतरला की तो मास्तरच्या खाटेखाली ठेवायचा, ही रेल्वे कंपनीच्या काळापासूनची रीत. सराफाची पार्सलं यायची, बँकेची पेटी यायची, आम्ही त्यावर निर्धास्त निजायचो. हा डबा धाराशिवच्या पुढल्या एका दवाखान्याचा होता. आत रेडियमच्या सुया. बायकांच्या पोटातल्या गाठीवर लावतात म्हणे. गार्डानं डबा देताना यांना बजावलं होतं, "मास्तर, सोन्यापरीस महाग हाय. नजरेआड करू नका." यांनी केला नाही. दवाखान्याची जीप यायची होती, ती बिघडून पडली होती.

चारू फुलपात्र शोधत होती तेवढ्यात हे आले. भर ड्यूटीत हे कधी घरी येत नाहीत. डोक्यावर टोपी नव्हती.

"चारू कुठंय?"

"खाटेखाली. का हो?"

यांनी वाकून तिला दंडाला धरून ओढलं. कोपर खाटेच्या खुराला लागलं, तिनं भोकाड पसरलं. लेकीला असं ओढताना यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाहेर व्हा. दोघांना घेऊन आधी बाहेर व्हा."

अंगणात आल्यावर यांनी सांगितलं. फोनवर निरोप आला होता. जीप निघाली आहे, डबा माणसांपासून लांब ठेवलाय ना? तसा नियमच आहे. त्याच्याजवळ कुणी निजायचं नाही, पोराबाळांनी तर फिरकायचंसुद्धा नाही.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हणालो."

"पेटीवर लिहिलं नव्हतं?"

"लिहिलंय. मी वाचलंही होतं. पण किमती माल म्हटल्यावर..."

बाळाची टाळू अजून भरली नव्हती. मी तिच्यावर तळवा ठेवला. आता झाकून काय होणार होतं?

सांधेवाला ज्ञानोबा धावत आला. डबा काढायचा हे ठरलं, पण न्यायचा कुठं? मुसाफिरांच्या छपरीत बाजाराच्या बाया बसलेल्या. कंदिलांची खोली ज्ञानोबाच्या घराच्या भिंतीला लागून, आणि त्याच्या द्वारकाबाईला सातवा महिना. उघड्यावर ठेवला तर कुणी उचलून नेईल.

"नेऊ दे की," मी म्हणाले. "जाऊ दे एकदाचा!"

"ज्याच्या घरी जाईल, त्याच्या खाटेखालीही पोरं खेळत असतील," हे म्हणाले.

खरं होतं, पण त्या वेळी मला ते ऐकायचं नव्हतं.

शेवटी दोघांनी पेटीला दोर बांधला, मधून वासा घातला आणि मधे लोंबकळती ठेवून ती बाहेर काढली. "सोनं असतं तर खांदा येवढा दुखला नसता, मास्तर," ज्ञानोबा म्हणाला. कुणी हसलं नाही. पाण्याच्या टाकीपलीकडं बाभळीखाली त्यांनी पेटी ठेवली, भोवती चुन्याची फक्की टाकून रिंगण केलं. तोवर गाडीची घंटा झाली. एकाला बावटा धरायचा, दुसऱ्याला सांधे बदलायचे.

"लक्ष ठेव," हे जाता जाता म्हणाले. "लांबूनच."

मी अंगणात उभी. घरात जायचं नाही, टाकीकडं जायचं नाही, डब्यावरची नजर काढायची नाही. चारू पदर ओढत होती. एक शेळी रिंगणात शिरून दोर चघळायला लागली. मी ओरडले, खडे मारले, पण माझा खडा तिथवर पोचेना. शेळी मनाला आलं तेव्हा गेली.

बाळ भुकेनं रडायला लागलं. गाडीच्या खिडक्यांकडं पाठ करून मी त्याला पदराखाली घेतलं. मीही त्याच खाटेवर निजत होते. त्या डब्यातलं काही दुधात उतरत असेल का? लेकराला पाजताना मला पहिल्यांदाच माझी भीती वाटली. तरी पाजलं. दुसरं काय देणार होते?

गाडी गेली आणि जीप आली. दवाखान्याचे कंपाउंडर बाबूराव उतरले. त्यांनी लांब दांड्याच्या दोन आकड्यांनी, दुसरीकडून ड्रायव्हरला धरायला लावून, पेटी उचलली आणि जीपच्या अगदी मागच्या टोकाला ठेवली.

"कुठं ठेवली होती, मास्तर?"

मीच सांगितलं, "खाटेखाली. वर आम्ही निजत होतो. ही खाली खेळत होती."

बाबूरावांनी चारूकडं पाहिलं. मग बाळाकडं. रुमालानं मान पुसली.

"शिसं जाड आहे, बाई. बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेक?"

"डॉक्टरांना विचारून कळवतो. तिकडं बाया कधीच्या वाट बघताहेत. एकीला तर उठवत नाही."

त्या बाईचा मला राग आला. लगेच माझीच लाज वाटली. जीप धुरळा उडवत गेली. फोन वाजला म्हणून हे पळत स्टेशनात गेले.

मी उंबऱ्यापाशी आले. आत खाट तशीच होती. तिच्याखाली जमिनीवर पेटीचा चौकोन उमटला होता, आणि बाजूला चिंचोके. डबा गेला तरी त्याचं काही मागं राहतं का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

चारूनं एक पाय उंबऱ्यात ठेवला आणि माझ्याकडं वळून पाहिलं.

"आई, आता आत जायचं का?"