दहावर ठेवलेला कोंडीराम

"होय म्हाराजा!"

लालबागमधल्या आमच्या चाळीच्या व्यायामशाळेत दीडशे कंठ एकदम गर्जले. समोर ताणलेल्या पांढऱ्या चादरीवर हिरवे डोंगर होते, निळी नदी होती, आणि तटबंदीच्या आत एक इवलासा राजा उभा होता. त्याच्या डोक्यावर नाव झळकत होतं : कोंडीराम.

कोंडीरामतात्यांना जाऊन अकरा महिने झाले होते. गिरणीतला हा विणकर संपात कधी वाकला नाही, एवढी एकच इस्टेट मागे ठेवून तो गेला होता. आणि आता तो परत आला होता, असं वरळीहून येणारे वैभवबुवा म्हणत होते.

आमच्या कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात, ओळीओळीला सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात, आणि देवाच्या अंगावर पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बुवांनी पाकळीच्या जागी लॅपटॉप आणला होता. राज्यं वसवण्याचा, लढण्याचा नि तह करण्याचा तो एक खेळ. एक बाजू बुवा खेळत, दुसरी संगणक. संगणकाच्या राजाने तह स्वीकारला की उजवा कौल, नाकारला की डावा.

"आत्मा म्हणजे काय, मंडळी? डेटा!" बुवांचा आवाज चंदनाच्या धुरातून घरंगळत येई. "देह डिलीट होतो, फाईल राहते. वरच्या सर्व्हरवरून मी तात्यांना खाली उतरवलंय."

गेल्या दोन रविवारी या राजाने स्वतःहून कुणावर चाल केली नाही, दगा देणाऱ्याला क्षमा केली नाही आणि बुवांचे तिन्ही तह धुडकावले. "तात्याच रे हा!" म्हणत व्यायामशाळा चालवणारा शिवा, आडदांड गडी, हमसून रडला होता. शोक हा असा आंधळा शिल्पकार आहे. त्याला कुठलाही दगड द्या, तो त्यातून ओळखीचाच चेहरा काढतो.

आज तिसरा रविवार, आणि आज खरा प्रश्न होता. चाळ पाडायला निघालेल्या बिल्डरच्या संमतिपत्रावर एकाच खोलीची सही राहिली होती : तात्यांच्या विधवेची, सुंदराबाईंची. परत इथेच जागा मिळेल असं कागदावर लिहून द्या, मग सही करते, एवढंच त्या म्हणत. ते लिहून मिळत नव्हतं. संमतिपत्र मात्र बुवांच्या झोळीत घडी घालून तयार होतं. ते तिथे कसं आलं, हे कुणी विचारलं नाही.

बुवांनी गाऱ्हाणं घातलं, "बा कोंडीरामा म्हाराजा, तुझ्या बायकोन सही करूची काय?"

"होय म्हाराजा!" चाळीने सवयीने साथ दिली.

बुवांनी तहाचा प्रस्ताव पाठवला. राजाने क्षणात स्वीकारला.

"उजवो कौल!" शिवा ओरडला. "काकी, सही करा आता. तात्याच सांगतायत."

सुंदराबाई जागच्या हलल्या नाहीत. "ह्येंनी दीड वरीस संप केलो," त्या हळू म्हणाल्या, "घरात तांदूळ नव्हतो, पण कोणाच्या पाया पडाक गेले नाय. मेल्यावर इतक्या लवकर कसे वाकले?"

मागच्या बाकावरून त्यांची मुलगी सीमा उठली आणि लॅपटॉपपाशी आली. ती महापालिकेच्या शाळेत संगणक शिकवते.

"बुवा, मीही एक कौल विचारू?"

"विचार ना, पोरी. तात्या लेकीला नाही कसं म्हणतील?"

"बाबा," सीमा पडद्याकडे पाहून म्हणाली, "वैभवबुवांनी त्यांची वरळीची खोली माझ्या आईच्या नावावर करावी का?" आणि तिने तहाचं बटण दाबलं.

राजाने तह स्वीकारला.

कुणीतरी फिसकन हसलं. सीमाने पुन्हा बटण दाबलं. "बुवांनी उद्या दाढी काढावी का?" उजवा कौल. "बुवा खोटारडे आहेत का?" उजवा कौल!

"अपशकुन! यंत्र बाटलं!" बुवांनी लॅपटॉप मिटायला हात घातला. त्यांच्या मनगटावर शिवाचा पंजा पडला.

"थांबा की बुवा. घाई काय?"

सीमाने खेळाचं एक पान उघडलं. चादरीवर माणसाचा अख्खा स्वभाव उमटला, शून्य ते दहा सरकणाऱ्या आठ-दहा काट्यांचा. आक्रमकता, शून्य. सूड, नऊ. तहाची तयारी, दहा.

"खेळ बनवणाऱ्यांनी हे काटे ठेवलेत, म्हणजे प्रत्येक राजा वेगळा वागेल," ती म्हणाली. "बाबा कसे होते हे बुवांनी नाक्यावरच्या चहात आपल्याकडूनच काढून घेतलं आणि काटे तसे लावले. गेल्या रविवारी हा तहाचा काटा शून्यावर असणार. आज दहावर आहे. राजाला प्रश्न ऐकू येत नाही. त्याला फक्त काटा कळतो. आता बघा." तिने काटा शून्यावर ओढला. "बाबा भले माणूस होते का?"

राजाने तह नाकारला.

शिवाच्या डोळ्यांत या वेळी पाणी नव्हतं. "माका रडवलंस रे," तो बुवांना म्हणाला, "माझ्याच तोंडच्या गोष्टी माका विकून."

मग सीमाने नवा राजा केला, नाव वैभवबुवा, प्रामाणिकपणा शून्य. त्याने हसतमुखाने तह केला आणि तिसऱ्या डावाला मित्राच्या किल्ल्याला आग लावली. व्यायामशाळा खदखदून हसली. बुवा चंदन तिथेच टाकून जिना उतरले.

संगणक खोटं बोलला नव्हता. तो काहीच बोलला नव्हता. होकार आमच्या आधीच तयार असलेल्या ओठांत होता. म्हणून, वाचकहो, कुणी तुमच्या मृताच्या आवाजात काही मागितलं तर दोनच गोष्टी करा : काटा कुणाच्या हाती आहे ते पाहा, आणि तोच प्रश्न उलटा विचारा. जे सत्य असेल ते या परीक्षेने मरत नाही.

सुंदराबाईंनी घाईत बुवांच्या झोळीतून पडलेलं संमतिपत्र उचललं, कोऱ्या जागेवर जाड अक्षरांत लिहिलं, 'आधी लिहून द्या', आणि चाळीकडे वळल्या.

"आता गाऱ्हाणा मी घालतंय. न वाचता, न विचारता आम्ही परत कधी मान हलवूची काय?"

मग आमच्या चाळीच्या इतिहासात पहिल्यांदाच दीडशे कंठ म्हणाले,

"नाय म्हाराजा!"