मोटारीतली चेटकीण

वडाखाली ही झुंबड! मुरबाडहून शहापूरला निघालेली सर्विस मोटार अर्ध्या चढावर उभी, आणि तिच्यापुढे धाकलू भगत घुमतोय. "ब्रेक बांधतो! हारन बांधतो! गेराच्या डब्यातली चेटकीण बांधतो!" त्याच्या काखेतली कोंबडी मात्र पूर्ण शुद्धीवर होती.

कोंबडी जनीची, भगताने उताऱ्याला घेतलेली. आणि चेटकीण म्हणजेही जनीच! गावच्या फाट्यावर ती मोटारीत बसली, चढ लागला, की गेराचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, रडू लागायचा, ऊंऽऽऽ! मग भगत तिला खाली उतरवायचा, तासभर घुमायचा, आणि मोटार मुकाट चालायची. अख्ख्या मुलखाने डोळ्यांनी पाहिलेलं!

आज भगताने फर्मावलं, "हिला पुन्यांदा बसवायची नाय."

जनी भगतावर धावून गेली. शहापुरात तिच्या धाकट्या लेकीला, लहानीला, कळा लागल्या होत्या, पहिलटकरीण पोर. "मेल्या, तुजी चेटकीण गेली खड्ड्यात! माजी लेक एकली हाय रे!"

तेवढ्यात देवी टोचणारे देवजीराव पुढे झाले. "भगत, आज मंत्र नाय आणि कोंबडी नाय. जनीबाई, तू आत जाऊन बस. बाकीचे बिड्या ओढा."

"मोटार पेटंल!" भगत ओरडला.

"पेटली तर मीच विझवीन."

जनी जीव मुठीत धरून बसली. एकेक घटका तिला लेकीच्या कळेसारखी जात होती. शेवटी देवजीरावांनी डब्याला हात लावून पाहिला. "निवला." ते डायवरला म्हणाले, "गणू, चालव."

मोटार हलली. चढावर बरीच पुढे गेली, तरी हूं नाही की चूं नाही! जनी आत आणि भगत गप्प.

देवजीरावांनी गाडी थांबवून गणू डायवरला डब्यातलं थोडं तेल काढायला लावलं. पळसाच्या एका पानावर ते, दुसऱ्यावर गणूजवळच्या टिनातलं कोरं, न वापरलेलं. पानं तिरपी धरली. कोरं तेल काकवीसारखं सरकलं. जुनं निवूनही सुर्रकन् जमिनीवर.

"कधी बदललंस?"

"मालक म्हंतो, तेल काय शिळं होतंय?"

"होतं बाबा. गेराच्या चाकांच्या दातांत रगडून रगडून त्याचा दाटपणा मोडतो. त्यात चढावर तापलं की पाणीच. मग दातावर दात घासतात, तेच हे रडं. भगत घुमतो तोवर डबा निवतो, तेल जरा दाटतं. भूत त्याच्या मंत्राने नाय, वाऱ्याने पळायचं."

"कढईत तेल तापल्यावर पातळ व्हतं, ह्ये मला ठावं हाय की!" जनी कपाळावर हात मारून म्हणाली. "पण चेटकीण म्हनल्यावर माजीबी अक्कल गेली. आन माजी कोंबडी हिकडं!"

कोरं तेल भरून मोटार शहापुरात पोचली तेव्हा लहानी नुकतीच मोकळी झाली होती. नातू बेंबीच्या देठापासून रडत होता.

दारात जमलेल्या बायांकडे वळून जनी म्हणाली, "आता ह्याच्यापायी कोनाला भगत बोलवायचा हाय का? रडं आयकलं की आदी कारान बघा गो. बाईकडं बोट मागनं दावा."