वारा पडेपर्यंत

हाल्वोरला बसवत नव्हतं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या व्याह्यांनी बैठकीत त्याच्यासाठी खास खुर्ची मांडली होती, पण म्हातारा टेकला न टेकला तोच ढेकूण चावल्यासारखा उठायचा. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून दारात जायचा. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेलं लुगडं कुठल्या अंगाला उडतंय ते बघायचा आणि परत आत यायचा.

"ह्यांना पायजे तरी काय?" हेमावतीनं लेकीला विचारलं. "सारखं वर बघत्यात. पाऊस तर आता यायचा न्हाय."

"वारा बघतो गं अव्वा. हाल्वोरची सवय हाय ती."

"सासऱ्याला नावानं हाक मारती! जीभ झडंल की."

"त्यांच्यात सगळेच मारतात," सिद्धेश्वरी हसली.

"तितं मारू द्या. हितं मामा म्हणायचं."

सवय खरीच होती. नॉर्वेत बर्फाच्या डोंगराला मोठी घसरण बांधतात. पायाला लांब पट्ट्या बांधून माणूस तिच्यावरून खाली सुटतो आणि टोकाला आला की स्वतःला हवेत झोकून देतो. चांगला उडणारा असला तर दोन शेतं ओलांडून खाली टेकतो. हाल्वोर तरुणपणी असा उडायचा. गुडघा गेला तेव्हा तो पोरांना शिकवायला लागला, आणि शिकवता शिकवता केस पिकले.

शिकवणाऱ्याची जागा घसरणीच्या कडेला, एका चौथऱ्यावर. हातात निशाण धरून उभं राहायचं. वर दांडीवर पोरगं बसलेलं असतं. हिरवा दिवा लागला की त्याच्याकडे थोडाच वेळ उरतो. तेवढ्यात वारा जोखायचा आणि बरा वाटला की निशाण खाली आणायचं. पोरगं सुटतं. मग शिकवणाऱ्यानं नुसतं बघायचं.

हाल्वोरनं परक्यांच्या पोरांसाठी निशाण किती वेळा खाली आणलं त्याला गणती नाही. पण एका मोठ्या सामन्यात दांडीवर त्याचा लेक आयरिक बसला होता, आणि त्या दिवशी बापाचा हात वरच राहिला. वारा काही वाईट नव्हता. दिवा विझला, आयरिक बाद झाला. त्यानं पट्ट्या सोडल्या, खांद्यावर टाकल्या, तो पुन्हा उडाला नाही. शिकला, इंजिनियर झाला, सोलापूरची बायको केली. बापाला कधी बोल लावला नाही. बोलला असता तर हाल्वोर कदाचित खुर्चीत बसू शकला असता.

संध्याकाळी गल्लीत सराव होता. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. घरांच्या वर जाणाऱ्या त्या काठ्या. काठी कमरेच्या पट्ट्यात टेकवायची आणि माणसानं ती उभी पेलत चालायचं. व्याही गुरुबसप्पा एके काळचा नावाजलेला पेलणारा. पाठ गेली तसा तो मास्तर झाला आणि गल्लीतल्या पोरांना तयार करू लागला. औंदा त्याचा धाकटा, अमरेश, पहिल्यांदा उभा राहिला होता. आज तो सरावाची काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत एकट्यानं गेला तर यात्रेत त्याची पाळी, नाहीतर दुसऱ्या कुणाची. सिद्धेश्वरीनं हे सासऱ्याला सकाळीच सांगितलं होतं. तेव्हापासून तर त्यानं खुर्ची सोडलीच होती.

अमरेशनं काठी उचलली. गुरुबसप्पा शेजारी, एक हात काठीला.

"सोडा की अप्पा."

"सोडलंय की. चल तू."

चार पावलं झाली की हात पुन्हा काठीला.

कट्ट्यावरून म्हातारा तिप्पण्णा ओरडला, "गुरुबसप्पा, यात्रेत तू बी काठीला लोंबकळणार हाईस व्हय?"

गल्ली हसली. अमरेशचे कान लाल झाले. दोन घरांमधल्या बोळातून वाऱ्याची झुळूक आली, बापानं काठी पकडायला हात घातला आणि काठी बापाच्याच अंगाला कलली. चार माणसं धावली म्हणून सावरली.

"वारा वंगाळ हाय!" गुरुबसप्पा म्हणाला.

"वारा न्हाय, तुमचा हात वंगाळ हाय," अमरेश म्हणाला. "तुमीच पेला. मला न्हाय जमायचं." तो पायरीवर बसला आणि कमरेचा पट्टा सोडू लागला.

दारात उभ्या हाल्वोरनं ते बघितलं. खाली घातलेली मान, बक्कल ओढणारी बोटं. त्यानं बाजूला उभ्या आयरिककडे पाहिलं. आयरिकही त्याच बोटांकडे बघत होता.

हाल्वोर लंगडत गल्लीच्या मधोमध गेला. हेमावतीनं मान म्हणून दिलेला पांढरा टॉवेल त्याच्या खांद्यावर होता, तो त्यानं हातात घेतला. बोळाकडे बोट केलं, गच्चीवरच्या लुगड्याकडे केलं, आणि सुनेला भराभरा काहीतरी सांगितलं.

"हाल्वोर म्हणतो..." सिद्धेश्वरीनं आईकडे बघून जीभ चावली. "मामा म्हणतात, वारा त्या बोळातून येतो. तो पडला की मी टॉवेल खाली आणीन. तोवर अमरेशनं जागचं हलायचं न्हाय. आणि अप्पा, तुमी हात मागं बांधायचे."

"आमच्या गल्लीचा वारा पावणा मला शिकवणार व्हय?"

"शीक की," तिप्पण्णा म्हणाला. "दोन शेतं उडणारा माणूस हाय. तू कवा नाला तरी उडलास का?"

गुरुबसप्पानं लेकाकडे बघितलं. पट्टा निम्मा सुटला होता. त्यानं सावकाश दोन्ही हात पाठीमागं नेले.

अमरेश उठला, पट्टा आवळला. काठी पुन्हा उभी राहिली. हाल्वोरनं टॉवेल वर धरला. गच्चीवर लुगडं फडफडत होतं. थोड्या वेळानं त्याचा पदर खाली लोंबला आणि तसाच राहिला.

हात मात्र वरच. अमरेशच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"पावणं!" गुरुबसप्पा ओरडला. मागं बांधलेल्या त्याच्या हातांची बोटं एकमेकांत पिळत होती.

हाल्वोरला ऐकू येत होतं, लुगडंही दिसत होतं. खांद्यापासूनचा हातच तेवढा त्याचा उरला नव्हता. आणखी एक झुळूक आली तर? ती पडली म्हणजे मग आणू खाली.

आयरिक शेजारी येऊन उभा राहिला. हाताला हात लावला नाही. त्यांच्या भाषेत हळूच म्हणाला, "बाबा, दिवा हिरवा आहे."

टॉवेल खाली आला.

अमरेश सुटला. बोळापाशी काठी एकदा डुलली आणि दोघे म्हातारे एकाच वेळी पुढं झाले. गुरुबसप्पाचा हात मागून सुटला, पण काठीपर्यंत गेला नाही. वाटेत हाल्वोरचं मनगट लागलं, तेच त्यानं धरलं. काठी सरळ झाली, पुढं गेली. तिच्या मागून एक पाठीतून वाकलेला आणि एक गुडघ्यानं लंगडा, असे दोघे हात धरून निघाले.

"गेलं रं पोरगं!" टोकाला पोचल्यावर तिप्पण्णानं आरोळी ठोकली.

हेमावतीनं दारात दोन खुर्च्या आणून ठेवल्या. "आता तरी बसा म्हणावं दोघांनी."

कुणी बसलं नाही. काठी परत आणायची होती. गच्चीवरचं लुगडं पुन्हा हलू लागलं होतं, आणि दोघे व्याही माना वर करून बघत उभे होते.