पर्याप्त शिक्षा

जयंतला मी शून्य दिलं, आणि देताना मला फार बरं वाटलं. नवरा आहे म्हणून खोटं कशाला बोलू?

व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक जितेंद्र सर म्हणजे मोठा गोड माणूस. अरेरा कॉलोनीतल्या त्या केंद्रात त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं आणि एकेक कागद हातात दिला, एक त्याच्या, एक माझ्या. आम्ही मराठी, पण शहर हिंदी, म्हणून कागदही हिंदीत: चाळीस वाक्यं, प्रत्येकापुढे शून्य ते पाच आकडे. झोप लागते का, तब्येत कशी आहे, न पिणारे मित्र आहेत का, शेजारीपाजारी बोलतात का, घरचे पाठीशी आहेत का. सर समजावून सांगत होते की माणूस किती प्यायचा ते आम्ही मोजत नाही, दारू सोडल्यावर उभं राहायला त्याच्यापाशी काय काय आहे ते मोजतो. मनात म्हटलं, वा रे वा. एकवीस वर्षं हा माणूस माझ्या पाठीवर उभा आहे, माझी पाठ मोजायला नाही कुणी आलं कधी.

नियम सरांनी आधीच सांगितला होता. घरच्यांच्या कागदावर 'परिवार का सहारा' यापुढे शून्य असेल, तर पेशंटला घरी सोडत नाहीत, आणखी तीन महिने ठेवून घेतात. मला तेच हवं होतं. आमची जुई तीन आठवड्यांनी मेडिकलसाठी नागपूरला चालली होती, आणि तिला निरोप द्यायला हा बाप मला स्टेशनवर नको होता.

का, ते सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात तिची प्रवेश परीक्षा होती. मी आदल्या दिवसापासून म्हणत होते, रिक्षा करू या. पण छे, साहेबांना मुलीला स्वतः न्यायचं होतं. सकाळी सकाळी कुठली बाटली उघडली देव जाणे, मला वास आला नाही, हीच माझी चूक. इंद्रपुरीतून निघाले आणि बाग सेवनियाच्या वळणावर स्कूटर घसरली. ह्याला साधं खरचटलं नाही. पोरीचा उजवा हात मनगटात मोडला, परीक्षा गेली, अख्खं वर्ष गेलं. ती डाव्या हाताने पुस्तकाची पानं उलटत बसायची आणि हा वर तोंड करून विचारायचा, दुखतंय का गं? त्यानंतरही वर्षभर पीतच होता. कारखान्यातल्या साहेबांनी दम दिला तेव्हा कुठे इथे येऊन पडला. मी त्याला 'अहो' म्हणणं सोडलं, जुईने बोलणंच सोडलं.

तर मी शून्यं देत सुटले. मित्र, शून्य. जबाबदारीची जाणीव, शून्य. परिवार का सहारा, शून्य. मग ते वाक्य आलं, 'इन्हें पर्याप्त शिक्षा मिली है।' हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे काय मला कळत नाही? जुईच्या शाळेच्या प्रत्येक कागदावर तो शब्द असायचा. पण त्या दिवशी ते वाक्य मी माझ्या भाषेत वाचलं. पुरेशी शिक्षा मिळाली? ह्याला? मी शून्य काढलं आणि इतकं गिरवलं की कागद फाटला.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. जयंतचा कागद बघितला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडचणीत धावून येणारं माणूस, पाच. पत्नीचा विश्वास, पाच. घरातली शांतता, पाच. जिथे जिथे पाच होते तिथे तिथे मीच होते. मला वजा केलं असतं तर ह्याच्यापाशी त्याची चांगली झोप तेवढी उरली असती.

तेवढ्यात सर हसले. म्हणाले, तुम्ही दोघांनी एकच चूक केलीय. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला माणूस आणि शिक्षेपुढे दोघांचंही शून्य? त्यांनी पेन काढलं आणि आकडा खोडायला लागले.

मी त्यांना थांबवलं. म्हटलं, चूक नाही, आमच्याकडे शिक्षा म्हणजे सज़ा. सरांनी जयंतकडे बघितलं. त्याने खालमानेने सांगितलं की त्यानेही तोच अर्थ धरला होता. मग तो माझ्याशी मराठीत बोलला.

"मंजू, तुझं शून्य राहू दे. जुई जाईल तेव्हा मी इथेच थांबतो. तेवढी तरी शिक्षा होऊ दे मला."

मला जे हवं होतं तेच तो मागत होता, आणि माझं डोकंच फिरलं. म्हणजे शिक्षाही हाच ठरवणार! सकाळी पोहे, दुपारी कॅरम, संध्याकाळी प्रार्थना, आणि तिकडे पोरगी निघाली की इकडे डोळे मिटून पश्चात्ताप करायचा. तिच्यासमोर उभं राहायला नको, काही नको. पळपुटा मेला! आजवर दारूच्या आड लपला, आता केंद्राच्या आड लपणार. असा सुटू देईन होय मी त्याला?

मी माझा कागद ओढून घेतला. 'परिवार का सहारा' यापुढचं शून्य खोडलं आणि तिथे पाच लिहिले.

"तू घरी यायचं," मी म्हटलं. "तिच्या तिन्ही बॅगा तू उचलायच्या, तिला अजून उजव्या हाताने जड उचलता येत नाही. गाडी सुटेपर्यंत तिच्या खिडकीशी उभं राहायचं. ती तुझ्याकडे बघणार नाही. ते सगळं न पिता बघायचं."

सरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी फक्त पाचाचा आकडा बघितला. त्यांचे डोळे भरून आले आणि ते मला म्हणाले, ताई, यही तो असली सहारा है. जयंतला मात्र मराठी येतं. त्याने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ठेवली होती.