भिवईवरची हळद

मी बोलतोय, पांढुर्ण्याच्या पुष्पाबाईंच्या घरातला पाट. आता मला पाट म्हणावं की नाही, तेही कळत नाही. थकलोय. तरी सांगतो.

तिगावच्या एका आंब्याच्या लाकडातून सुताराने मला घडवलं. पुष्पाबाईंचा मुलगा रोशन लहानपणापासून माझ्यावरच जेवायला बसायचा. एक गुडघा नेहमी बाहेर, आणि वांग्याच्या भाजीवरून कुरकुर. त्याचं वजन मला पाठ होतं. गोटमारीत, पोळ्यानंतरच्या त्या दगडफेकीच्या जत्रेत, डाव्या भिवईवर दगड लागला तेव्हाही तो माझ्यावर बसला होता, आणि माय खोकेत हळद दाबत त्याला शिव्या देत होत्या.

पुढे तो फौजेत गेला. मागच्या वर्षी सीमेवर लढाई पेटली आणि तो तिरंग्यात गुंडाळलेला घरी आला. मला भिंतीशी उभं केलं. माझ्यावर बसायचा कोणाला धीर होईना.

त्याची बहीण सुचिता नागपुरात चित्रकला शिकलेली. त्या दिवसापासून ती एकदाही रडली नव्हती. वर्षश्राद्ध जवळ आलं तसे तिने माझे पाय काढले, रोशनचा फोटो समोर ठेवला आणि पटाशीने माझ्या अंगावर त्याचा चेहरा कोरायला घेतला. मला दुखत होतं, पण तिचं दुखणं माझ्याहून मोठं होतं. मग तिने शाई फासली, वर कागद ठेवून वाटीने घासला आणि पहिला ठसा मायपुढे धरला.

पुष्पाबाईंनी ठसा उजेडाकडे धरला.

"हा माहा रोशन नाई होय. त्याची खोक डाव्या बाजूले होती."

"ठसा उलटा उमटते, माय," सुचिता म्हणाली. "उलटंच कोरावं लागते. मी फोटोत दिसला तसाच कोरला. दुसऱ्या फळीवर करून देतो." एवढं बोलली आणि वर्षभराचं रडू तिथेच फुटलं.

माय माझ्याजवळ सरकल्या. बोटं शाईने काळी झाली तरी माझी भिवई चाचपत राहिल्या.

"हे पाह्य, खोक इथं बरोबर आहे," म्हणाल्या.

दुसऱ्या फळीचे ठसे चांगले निघाले, पार सौंसरपर्यंत घरोघरी गेले. मी इथेच. रोज सकाळी माय माझ्या भिवईवर कोरलेल्या खोकेच्या चिरेत चिमूटभर हळद दाबतात. "भरून येईन," म्हणतात.

चीर आता काठोकाठ भरलीय. पुन्हा कोणी ठसा काढलाच, तर तिथे खोक दिसायची नाही. सुचिता, माझं एवढंच मागणं आहे, ती हळद खरवडू नकोस.