धूळ नव्हे, रेघ

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. तळहाताएवढी, करडी, कुणाचाही चेहरा न दाखवणारी. सत्तर साली लेनिनग्राडच्या प्रयोगशाळेत तमारा पाव्लोव्हना यांनी मला अंधारात पाकिटातून काढले, तेव्हा माझ्या अंगावर फोटोचा लेप होता. बाईंचे काम क्ष-किरणांचे. धातूतून निघालेले किरण स्फटिकावर आपटून माझ्यावर पडत, आणि प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या जागी काळ्या रेघा उमटवी.

तांब्याच्या ठळक रेघेशेजारी बाईंना केसासारखी, आधी कुणी न नोंदलेली एक रेघ दिसली. "धूळ आहे ती," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, आणि बाईंचा प्रबंध दोन वर्षे अडला. बाई वाद घालत बसल्या नाहीत. आणखी दोन काचा घेतल्या, एकेकीवर अकरा-अकरा तास किरण सोडले. तिन्ही काचांवर रेघ त्याच जागी. धूळ काही तीनदा एकाच जागी बसत नाही. प्रबंध मंजूर झाला, पुढे बाई प्राध्यापक झाल्या, त्यांचे विद्यार्थी देशोदेशी गेले. मग संगणक आले आणि आमची गरज सरली. माझ्या दोघी बहिणी फुटल्या. निवृत्त होताना बाईंनी माझ्या कडेला शाईने आपले नाव घातले आणि तिकडे शिकायला आलेल्या पुण्याच्या वासंतीच्या हाती मला ठेवले.

आता वासंतीआजी डब्लिनजवळ सिटीवेस्टला लेकाकडे असतात, आणि मी तिथल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, टॉवेलांखाली.

परवा त्यांच्या नातीला, शिवांगीला, शाळेच्या प्रोजेक्टसाठी काच हवी होती. तिने मला गरम पाण्याच्या नळाखाली धरले.

"आज्जी, धिस इज मँकी. आय विल वॉश इट." मँकी म्हणजे इकडच्या बोलीत मळकट.

"आधी नळ बंद कर," आजी म्हणाल्या.

तोवर कडेचा लेप सुटला होता. बाईंचे नाव पाण्याबरोबर गेले. रेघ वाचली.

आजींनी मला कडेने धरून पाणी निथळू दिले. मग मला खिडकीशी नेऊन त्यांनी नातीला भिंग दिले आणि सगळी हकिगत सांगितली.

"सो शी वॉज राइट?"

"हो गं."

"अँड युअर मॅन नेव्हर सेड सॉरी?" इकडे 'युअर मॅन' म्हणजे 'तो गृहस्थ'; तिचा रोख प्रमुखांवर होता.

"तो कसला म्हणतोय. पुढे त्याच रेघेवर भाषणे मात्र दिली."

शिवांगी हसली नाही. तिने जाड कागदाचे पाकीट केले, आजींकडून बाईंचे नाव विचारून घेतले आणि पेन दाबून दाबून त्यावर लिहिले.

मित्रांनो, जुनी वस्तू मळकट दिसली, तर पाणी सोडण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा, हा डाग आहे की कुणाचे जन्माचे काम. आणि कधी मला उचलाल, तर कडेने धरा.