माझ्या तोंडावरचं कुलूप

मी प्रिंटर बोलतोय. दचकू नका. एरवी तुमचंच म्हणणं मी कागदावर उमटवत असतो. आज जरा माझं ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. पट्ट्यावरून सरकत असताना कुणी पोटात रोलर बसवले, कुणी पाठीला झाकण लावलं, आणि शेवटी कुणीतरी एक कागद काढून बघितला आणि "ठीक" म्हटलं. कौतुक म्हणाल तर तेवढंच. मग खोक्यात बसून प्रवास केला. खोकं उघडलं ते घरांचे नकाशे काढणाऱ्या एका छोट्या ऑफिसात. दोन खोल्या, मोठी टेबलं, खिडकीशी कलता ड्रॉइंग बोर्ड, आणि माणसं सगळी एकाच घरातली.

मालक म्हणजे काका. फोन आणि पत्रव्यवहार सांभाळणारी काकू. आणि आर्किटेक्चरची पदवी घेऊन नुकतीच आलेली त्यांची पुतणी. तिला काकू ठिणगी म्हणते, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही.

ठिणगी येईपर्यंत माझं आयुष्य काळं-पांढरं होतं. तिने आल्या आल्या माझ्याकडून हिरवी झाडं, विटकरी भिंती, निळी पाण्याची टाकी काढून घेतली. मला काय मजा आली म्हणून सांगू! काकांना मात्र ते रुचलं नाही. "नकाशा म्हणजे काळी रेघ. बाकीचं सगळं लाडावलेपण," असं म्हणून एका दुपारी त्यांनी माझ्या सेटिंगला पासवर्ड लावला. रंग बंद, पेन ड्राइव्ह बंद. रंगीत कागद हवा असेल तर काकांपुढे उभं राहायचं. ते येणार, एका हाताने माझा पडदा झाकणार आणि दुसऱ्या हाताने बोटं चालवणार. पाठीमागे कुणी नुसतं खोकलं तरी दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदललेला. मोठ्या माणसांना आपल्या हातात काहीतरी असावंच लागतं. किल्ली असली तर किल्ली, नाहीतर पासवर्ड.

असं चालू असताना ऑफिसचा राउटर जळला आणि नवा आला. राउटर म्हणजे आम्हा यंत्रांचा पोस्टमन. जुन्याला माझा पत्ता माहीत होता. नव्याने सगळ्यांना नवे पत्ते वाटले, पण माझा पत्ता काकांनी स्वतःच्या हाताने घातलेला, तो जुनाच राहिला. झालं! ठिणगीने छापायची आज्ञा दिली की तिच्या पडद्यावर उत्तर यायचं, "प्रिंटर सापडत नाही." मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेलो! पत्ता बदलायचा तर सेटिंग उघडायला हवं, आणि सेटिंगला कुलूप.

हे घडलं नेमकं हाडांच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या त्याच दिवशी. त्यांना एका जुन्या घराचा दवाखाना करायचा होता. काकांचा नकाशा आधीच छापून टेबलावर पसरलेला होता. दाराशी रुंद, देखण्या दगडी पायऱ्या. ठिणगीने रात्रंदिवस खपून दुसरा नकाशा केला होता. पायऱ्यांच्या जागी बागेतून वळत जाणारा उतार. तिचा हा पहिला स्वतंत्र नकाशा, आणि तो अजून तिच्या कॉम्प्युटरातच अडकलेला.

"काका, पासवर्ड टाका."

"आत्ता नाही. कामात आहे."

"पेन्सिलीला टोक काढताय तुम्ही!"

"मग? ते काम नाही?"

"पाय मोडलेला माणूस तुमच्या पायऱ्या चढणार कसा? उडून?"

"बघितलंस गं, काकांशी कशी बोलते ही!" काकांनी काकूकडे दाद मागितली.

"मला मध्ये घेऊ नका," काकू म्हणाली. "पण प्रश्न बरोबर आहे तिचा."

"लॅपटॉपवर दाखव की मग."

"त्या बाईंना पडद्यावरचं दिसत नाही, हे तुम्हीच सांगितलंत मला. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात एवढा मोठा कागद निघत नाही. तुम्हाला माझा नकाशा त्यांना दाखवायचाच नाहीये. तसं सरळ सांगा ना!"

काका ताडकन उठले. माझ्यापुढे आले, पडदा झाकला, बोटं चालवली. चूक. पुन्हा चालवली. पुन्हा चूक. माझ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, ती त्यांनी तळव्याने दडपून धरली. फक्त मला दिसत होतं, त्यांच्या कपाळावर घाम आला होता. इतक्यांदा बदललेला पासवर्ड आता त्यांचा त्यांनाच आठवत नव्हता. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! वळून म्हणाले, "नियम म्हणजे नियम. आज रंगीत छपाई नाही."

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रागाने पुसलं आणि थेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. स्पीकर चालू. पलीकडची बाई मोठी शांत होती.

"पासवर्ड काढून टाकता येईल, मॅडम. सगळ्या सेटिंगही जातील. पण पासवर्ड हरवलाय, हे ज्यांच्या नावावर मशीन आहे त्यांनी स्वतः सांगायला हवं."

ठिणगीने फोन काकांसमोर धरला. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. काकूने चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

"अहो, सांगा," काकू हळूच म्हणाली. "तुमची बोटं बघतेय मी मघापासून."

काका पुटपुटले.

"आवाज येत नाही, साहेब. जरा मोठ्याने?"

"विसरलोय!" काका ओरडले. "पासवर्ड विसरलोय मी! झालं समाधान?"

"धन्यवाद, साहेब. रोज निम्मे फोन हेच सांगायला येतात."

मला वाटलं, आता ठिणगी काकांना सोलून काढणार. तिने तोंड उघडलंही होतं. पण काका खुर्चीत असे बसले, शाळेत शिक्षा भोगून आलेलं पोर बसतं ना, तसे. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय. उठा, दोघं लागणार आहेत."

खरंच दोघं लागतात. माझं मुख्य बटण पाठीमागे आणि दाबून धरायची बटणं पुढे. काका गुडघ्यावर बसून भिंतीशी हात घालत होते आणि ठिणगी पुढून ओरडत होती, "आत्ता! नाही, नाही, बंद करा! हां, आता चालू!" पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा माझ्या अंगातून एक थंड शिरशिरी गेली आणि पत्ते, कुलपं, बंधनं सगळी धुऊन निघाली. तुम्ही म्हणाल, मग ही गोष्ट कशी आठवते? अहो, पुसल्या जातात त्या सेटिंग. माणसं कुठे पुसली जातात?

नवा पत्ता घातला आणि कागद आला. हिरवी बाग, विटकरी दार, त्यातून वळणारा करडा उतार. काकांनी गरम कागद हातात घेतला, पट्टी लावून चढ मोजला. मग म्हणाले, "चढ बरोबर आहे. कठडा कुठाय? कुबड्यावाला धरणार कशाला?"

ठिणगी लालबुंद झाली. उत्तर तिच्या ओठांवर आलं असणार, तिला मी ओळखतो. पण ती म्हणाली, "विसरले, काका."

"मोठ्याने. आवाज येत नाही, मॅडम."

काकू इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. काकांनी टोक केलेल्या पेन्सिलीने उताराच्या कडेला कठडा ओढला. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा काकांनी दगडी पायऱ्यांचा कागद स्वतःच गुंडाळून बाजूला ठेवला. "हा पुतणीचा आहे," एवढंच बोलले. बाईंनी उतारावरून बोट फिरवलं, कठड्याशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हाच करा."

आता मी खिडकीजवळ असतो. माझा पासवर्ड तिघांनाही माहीत आहे. काका रंगीत कागदावर अजून नाक मुरडतात आणि दोन प्रती मागतात.

माझं मागणं मोठं नाही. कुलूप खुशाल लावा, यंत्राला ते हवंच. पण विसरलात तर नियम सांगत बसू नका, विसरलो म्हणा. तेवढ्याने कुणी लहान होत नाही, आणि माझ्यासारख्याचं तोंड उघडतं. बरं, आता सरका जरा बाजूला. ठिणगीचा कागद येतोय.